लेकीच्या सायकलची जाम झालेली पिन

तीस वर्षं लोखंडात काढली मी. आधी कोल्हापूरच्या उद्यमनगरात, मग कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत. ते पाच तारे नेमके कुठं आहेत ते मला कुणी दाखवलं नाही, कँटीनच्या चहात तर एकही नव्हता. पण टूलरूमचा फोरमन म्हणून तिथनं मानानं रिटायर झालो. कसबा बावड्यातल्या आमच्या गल्लीत मला अजून फोरमनच म्हणतात. कुणाचा मोटारपंप अडला, कुणाचं गेट कुरकुरलं, की "बोलवा फोरमनला." आणि असल्या मला काडेपेटीतल्या काडीएवढ्या पिनीनं चार दिवस लोळवलं. सांगायला लाज वाटते. पण बायको अख्ख्या बावड्यात सांगत सुटलीच आहे, तेव्हा निदान माझ्या तोंडून तरी ते नीट बाहेर पडू दे.

सायकल माझी नव्हे, लेकीची. गिअरची, डिस्क ब्रेकची. मी रिटायर झालो त्याच महिन्यात ती नोकरीला बेंगळुरूला गेली आणि जाताना सायकल माझ्या गळ्यात घालून गेली. कारण साखर. आमच्या बावड्यात साखर कारखान्यात होते ते ठीक आहे, पण ती माझ्या रक्तातही व्हायला लागली होती. माझ्या थोरल्या भावाचा पाय ह्याच साखरेपायी गुडघ्याखाली कापला. लेक तेव्हा दवाखान्यात डबा घेऊन जायची, तिनं ते सगळं जवळून बघितलं होतं. म्हणून निघायच्या दिवशी स्टँडवर बॅग खाली ठेवली आणि मला अंबाबाईची शपथ घ्यायला लावली, रोज अर्धा तास सायकल मारायची. घेतली मी शपथ. फक्त "रोज" हा शब्द जरा हळू म्हटला.

पहिले आठ दिवस मारली. नवव्या दिवशी पाऊस होता. दहाव्या दिवशी नव्हता, पण पडेल असं वाटलं. अकराव्या दिवशी कोपऱ्यावरच्या गाड्यावर कटवडा खाताना एका ओळखीच्यानं सांगितलं की सायकलनं गुडघे जातात. त्याला कुणी विचारलं नव्हतं, पण माणूस मला एकदम अभ्यासू वाटला. त्या दिवसापासून सायकल हॉलमध्ये जुन्या चादरीखाली गेली.

पण लेकीचा फोन रोज संध्याकाळी यायचाच. "पप्पा, आज सायकल?"

"मारली की! पार शिये पुलापतोर गेलतो. वारं समोरनं होतं, जरा दम लागला."

खोट्यात वारं घातलं की ते खरं वाटतं, हे माझं संशोधन. पुढंपुढं मी उसाच्या ट्रॉल्या घातल्या, पुलावरचं धुकं घातलं, एकदा तर मागं लागलेलं कुत्रं घातलं. कुत्र्याच्या दिवशी पोरगी इतकी काळजीत पडली की दुसऱ्या दिवशी मला ते कुत्रं दुसऱ्या गल्लीत पाठवावं लागलं. बायको हे सगळं भाजी निवडत ऐकायची. तिनं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं, "मी तुमच्या खोट्यात न्हाय. चुगली करनार न्हाय, पर तिनं मला इचारलं तर खरं सांगनार." लेकीनं तिला कधी विचारलंच नाही. तिचा माझ्यावर विश्वास होता ना!

आता तुम्ही म्हणाल, सायकलकडं बघितलंच नाही का दोन वर्षं? बघितलं की! दर अमावस्येला चादर काढायची, सायकल अंगणात घ्यायची, हळद-कुंकू वाहायचं, लिंबू-मिरची बांधायची आणि पुढच्या चाकापाशी नारळ फोडून त्याचं पाणी वरनं खालपर्यंत शिंपडायचं. खंडेनवमीला तर झेंडूचा हार, आणि नारळ एकाच्या जागी दोन. वर माझी कारखान्यातली सवय. उघडं लोखंड दिसलं की गंज चढू नये म्हणून त्यावरनं तेलाचा हात फिरवायचा. तसा मी ब्रेकच्या डिस्कवरनंही फिरवायचो. शेजारीपाजारी म्हणायचे, फोरमननं लेकीची सायकल काय ठेवलीय, नाद खुळा! मलाही ते पटायचं. सायकल चालवणं सोडून तिचं जे जे करता येतं, ते सगळं मी मनापासून केलं.

मग गेल्या मे महिन्यात एका सोमवारी फोन आला. बेंगळुरूला जाऊनही लेकीचं कोल्हापुरी पोरींसारखं 'येतो-जातो' काही सुटलेलं नाही. "पप्पा, मी शनिवारी येतोय. रविवारी आपण दोघं पन्हाळा. मी मैत्रिणीची सायकल घेतो, तुम्ही माझी घ्या. दोन वर्षं रोज मारताय, तुम्हाला काय, सहज चढाल."

माझ्या हातातला चहा तसाच राहिला.

"आणि ब्रेकची नवीन पॅडं पाठवलीत कुरिअरनं," ती म्हणाली. "एवढं चालवल्यावर जुनी पार संपली असणार. घाट उतरायचाय, पप्पा. घालूनच ठेवा, हां?"

पन्हाळा मी चढणार नव्हतोच. पायाला गोळा आला, पोटात दुखलं, कायतरी सुचलं असतं. दोन वर्षांत कुत्रं सुचलं, तर गोळ्याचं काय! पण पॅडं नाही बसवली असं एका फोरमननं कुठल्या तोंडानं सांगायचं? बुधवारी पाकीट आलं. मी चादर काढली, टायरात हवा भरली, अंगणात एक चक्कर मारून ब्रेक दाबला. ब्रेक केवढ्यानं तरी किंचाळला, आणि सायकल न थांबता सरळ तुळशीकट्ट्याला जाऊन टेकली. दोन वर्षं तेल पाजलेला ब्रेक, तो कशाला धरतोय?

ह्या ब्रेकची रचना सोपी असते. चाकाच्या डिस्कला दोन्ही बाजूंनी दोन छोटी पॅडं दाबतात, आणि ती पॅडं जागेवरनं निसटू नयेत म्हणून त्यांच्या भोकांतनं एक बारीक आट्यांची पिन आरपार गेलेली असते. पिनीच्या डोक्यात सहा कोनांचं भोक. त्यात ॲलन की घालायची, पिन फिरवून काढायची, जुनी पॅडं बाहेर, नवी आत. पाच मिनिटांचं काम. बायकोला मी सांगितलं, "चहा ठेव, तवर होतंय."

चहा झाला, थंड झाला, परत गरम झाला. पिन तसूभर हलेना.

कारखान्यात पोरांना मी काय शिकवायचो? बोल्ट जाम झाला की आधी तेल सोडा, थांबा, चहा पिऊन या. मग सैल करायच्या आधी जरासा घट्ट करून बघा, गंजाची पकड तुटते. ओढाताण करणाऱ्याला मी दुसऱ्या शिफ्टला टाकायचो. घरी त्यातलं काहीही आठवलं नाही. घरी फोरमन उरत नाही, निव्वळ कोल्हापूरकर उरतो, आणि कोल्हापूरकराकडं अडलेल्या गोष्टीवर दोनच इलाज असतात, जोर आणि आणखी जोर. मी ॲलन कीवर पाइप चढवला आणि दिला हिसका. कट्ट असा आवाज आला. मला वाटलं, सुटली. बघतो तर पिनीच्या डोक्यातले सहाचे सहा कोन गायब, भोक गोल गरगरीत! आता त्यात कुठलीच किल्ली धरणार नव्हती. आयला, शिकाऊ पोरानं असलं केलं असतं तर त्याला अख्ख्या खात्यासमोर उभा केला असता मी.

गुरुवारी हे सगळं चारचौघांत गेलं, कारण मी सायकल अंगणात उलटी केली. आमच्याकडं वाहन उलटं किंवा उघडं दिसलं की माणूस थांबतोच. शेजारचे एसटीतनं रिटायर झालेले ड्रायव्हर कंपाउंडवरनं वाकून म्हणाले, "काय करतासा फोरमन?"

"पिन जाम झालीय ओ."

"मग हाना की!"

"काय हाना?"

"हातोडा! आमची एसटी घाटात अडली तर आमी काय ॲलन की लावत बसायचो व्हय? दोन टोलं, की गाडी सरळ."

तोवर आणखी दोघं गेटातनं आत आले होते. त्यांना मी आजवर कधी बघितलं नव्हतं. एक म्हणाला, गरम पाणी ओता. दुसरा म्हणाला, "पावणं, लिंबू पिळा, गंज पळतोय." मनात म्हटलं, बाबा, दोन वर्षं लिंबंच चालली आहेत हिच्यावर. मी त्यांना हाकलायला पाहिजे होतं. त्याऐवजी ड्रायव्हरनी छिन्नी धरली आणि मी हातोडा मारला. दोन टोले. तिसऱ्याला पिनीच्या डोक्याची एक बाजू उडाली आणि कुठं गेली ती आजवर सापडली नाही. "आता मातर ही कंपनीलाच पाठवावी लागनार," असं म्हणून ड्रायव्हर आत जेवायला गेले. बाकीचे दोघे बायकोनं दिलेला चहा पिऊन गेले.

शुक्रवारी सकाळी सायकल ढकलत मेन रोडच्या सायकलवाल्याकडं नेली. वाटेत तिघांनी तरी विचारलं, फोरमन, बसायचं असतंय वर, ढकलायची न्हाय. मी हसलो. हसण्यासारखं काही नव्हतं.

सायकलवाला साठीचा, पत्र्याच्या शेडात स्टुलावर बसलेला. त्यानं पुढचं चाक काढलं, ब्रेकजवळ डोळा नेला, बोटानं काहीतरी खरवडलं आणि वास घेतला.

"पावणं, हिच्यावर किती नारळ फोडलं?"

मी म्हटलं, "नारळाचा काय संबंध?"

"दसऱ्यानंतर माझ्याकडं हीच गिऱ्हाइकी असती. नारळाचं पानी आत उतरतंय, कुंकवाचा थर बसतोय, सुकलं की शिमिट हुतंय. पिन लोखंडाची, भोवतीचं ॲल्युमिनियमचं. दोघं एकमेकास्नी धरून बसत्यात, सोडत न्हाईत." मग त्यानं पिनीचं फुटकं डोकं बघितलं. "आनि हे? हे तर नारळानं झालं न्हाय."

"ते आमी केलं."

"आमी म्हंजी किती जनांनी?"

मी बोटं मोजायला लागलो. मग तोच मवाळ झाला. म्हणाला, "आमी बौद्ध, पावणं. आमच्यात नारळ न्हाय. आमी ग्रीस लावतो."

त्यानं पिनीवर पातळ तेलाचे दोन थेंब सोडले आणि सायकल कोपऱ्यात उभी केली. म्हणाला, आज हात लावायचा नाही, उद्या दुपारी या. टूलरूममध्ये हेच मी पोरांना सांगायचो, आणि आता तेच मला एक सायकलवाला सांगत होता. मान हलवून निघालो, आणि रस्ता ओलांडता ओलांडता डोक्यात लख्ख उजेड पडला.

जुनी पॅडं! ती निघाली की काय दिसणार? दोन वर्षं रोज चालवलेल्या सायकलची पॅडं झिजून पत्र्याला आलेली असतात. माझी तर कोरी करकरीत असणार. बाकी सगळं मी खोटं बोलून निभावलं होतं, पण ते दोन तुकडे काय माझ्या वतीनं खोटं बोलणार नव्हते. मी तसाच माघारी वळलो.

"जुनी पॅडं निघाली की टाकून द्या," मी म्हटलं. "लगेच. गटारीत टाका."

सायकलवाल्यानं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "न्हाय पावणं. माझा नियम हाय. जुना पार्ट गिऱ्हाइकाच्या हातात. उद्या तुमीच म्हनशीला, बदललंच न्हाय."

"मी म्हननार न्हाय!"

"सगळीच तसं म्हनत्यात."

दहा वेळा विनवणी केली. चाळीस वर्षांचा नियम तो माझ्यासाठी कशाला मोडतोय? शेवटी मी ठरवलं, शनिवारी आपणच लवकर जाऊन पॅडं खिशात घालायची.

शनिवारी सकाळी लेक आली. आली ती आईच्या गळ्यात पडली, चहा प्याली आणि म्हणाली, "सायकल कुठाय?" मी म्हटलं, ब्रेकच्या कामाला टाकलीय, तू पड जरा, मी घेऊन येतो. "मी पण येतो की!" आणि चप्पल घालून तीच माझ्यापुढं गेटाबाहेर.

आम्ही पोचलो तेव्हा सायकलवाल्यानं स्क्रूड्रायव्हरचा एक चांदणीच्या आकाराचा बिट पिनीच्या त्या गोल भोकात हलक्या हातानं ठोकून बसवला होता. सोल्डरिंग आयर्ननं डोकं जरा तापवलं. मग आधी केसभर घट्ट केलं. कुर्र. मग केसभर सैल. परत घट्ट, परत सैल. माझ्या जोराच्या दहाव्या भागाएवढासुद्धा जोर त्यात नव्हता. पिन घुमायला लागली आणि हळूहळू बाहेर आली, गुलाबी-पांढऱ्या थरानं माखलेली. लेकीनं टाळ्या वाजवल्या.

त्यानं चिमट्यानं पॅडं ओढली, फडक्यानं पुसली, वर्तमानपत्राच्या तुकड्यावर ठेवली. मी हात पुढं केला. पण त्याला काय माहीत, त्यानं कागद जवळ उभ्या असलेल्या माणसाच्या हातात दिला, आणि जवळ लेक उभी होती.

"घ्या ताई, जुनी. तेल खाल्लंय नुसतं, बाकी कोरी हाईत."

लेकीनं एक पॅड उचललं. माझ्या हातातल्या पाकिटातनं नवं काढलं आणि जुन्याला लावून धरलं. दोन्ही सारखीच जाड. तिनं ती उलटी करून परत लावली. सायकलवाला डिस्कवरचं तेल स्पिरिटनं पुसत होता. रस्त्यानं एक टेम्पो गेला. मला वाटलं, आता ही ओरडणार. ओरडली असती तर बरं झालं असतं, मीही उलटा ओरडलो असतो आणि दोघं मोकळे झालो असतो.

"पप्पा," ती एवढंच म्हणाली, "ते कुत्रं पण खोटं?"

मी मान खाली घातली. साठ वर्षांच्या आयुष्यात साहेबापुढं, सासऱ्यापुढं, कुणापुढं घातली नव्हती.

"मी त्या रात्री झोपलो नव्हतो," ती म्हणाली. "कुत्रं चावलं आणि साखरेत जखम बरी झाली नाही तर, म्हणून. काकांची जखम पण एवढीशीच होती."

मला रडू आलं. चारचौघांत, मेन रोडला. सायकलवाल्यानं शहाण्या माणसासारखं आत जाऊन काहीतरी शोधायला सुरुवात केली. तो बाहेर आला तेव्हा लेकीनं नवी पॅडं त्याच्या हातात दिली.

"काका, पिन नवी घाला. आणि ग्रीस भरपूर लावा. पुढच्या खेपेला ती मी स्वतः उघडून बघणार आहे."

रविवारी पन्हाळा झाला नाही. शिये पुलापर्यंत गेलो. जिथं मी दोन वर्षं फोनवर रोज जात होतो, तो पूल प्रत्यक्षात केवढा लांब आहे ते मला त्या दिवशी कळलं. तीनदा थांबलो. ती पुढं जायची, पाय टेकून थांबायची, मी आलो की न बोलता परत पुढं. वारं खरोखरच समोरनं होतं. पण ते सांगायची सोय नव्हती.

ती गेल्यावर फोन रोज यायचा. आईची चौकशी, जेवण काय केलं, गोळी घेतली का, सगळं विचारायची. फक्त "आज सायकल?" विचारायची बंद झाली. पावसाळाभर मी रेनकोट घालून भिजत पुलापर्यंत जायचो, चिखलात घसरून एकदा कोपर फोडून घेतलं, आणि संध्याकाळी फोन हातात घेऊन बसायचो की आता विचारेल. नाही विचारायची. स्वतःहून सांगावं तर माझ्या सांगण्याला किंमत काय उरली होती?

खरं सांगायचं म्हणजे, श्रावणात एकदा आठवडाभर खाडा झाला आणि मी कानस काढली होती. पॅडं कानसून थोडी पातळ करावी म्हणून. मापात काम करायचं तर माझ्याइतकं कोण करणार? बायको दारात उभी होती. म्हणाली, "पोरीला फसवाल हो. डाक्टरच्या सुईला कसं फसवनार?" कानस ठेवून दिली. खंडेनवमीला सायकलला लांबनंच हळद-कुंकू वाहिलं आणि नारळ उंबऱ्याबाहेर फोडला.

दिवाळीला लेक आली. फराळाच्याही आधी अंगणात फतकल मारून बसली, माझ्या पेटीतली ॲलन की घेतली. पिन दोन बोटांनी फिरली. तिनं पॅडं तळहातावर घेतली आणि उन्हात धरली. पावसाळ्याच्या चिखलानं ती निम्मी खाल्ली होती. ती त्यांच्यावरनं अंगठा फिरवत राहिली. मी शेजारी उभा, निकालाच्या दिवशी उभं राहावं तसा.

पॅडं परत बसवून, पिन आवळून, हात पुसत ती उठली.

"पप्पा, आज सायकल?"

पाच महिने ह्या तीन शब्दांची वाट बघत होतो. पुलापर्यंत गेलतो, असं ओठांवर आलं होतं.

"न्हाय मारली," मी म्हटलं. "तू येनार म्हणून चुकवली."

ती हसली आणि माझे बूट आणायला आत गेली.